प्रिंटर हेल्पलाइनवाल्याने बाबांचा लॅपटॉप ताब्यात घेतला, आता उद्या 'रिफंड'चा फोन येणारे, काय करू?

कर्वेनगरची_माहेरवाशीण (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज, उद्या सकाळी अकराच्या आत मला काहीतरी ठरवायचंय.

आईबाबा कर्वेनगरला, मी वाकडला. बाबा ७२ वर्षांचे, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि ते पद ते मुख्यमंत्रिपद असल्यासारखं सांभाळतात. शनिवारी दुपारी त्यांना वार्षिक सभेच्या नोटिसा छापायच्या होत्या, चौदा दिवस आधी नोटीस हातात पडली पाहिजे म्हणून घाई, आणि नेमका प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवायला लागला. आधी मलाच फोन केला होता त्यांनी. मी उचलला नाही, लेकाची स्विमिंगची बॅच चालू होती. ते आता सारखं टोचतंय.

मग त्यांनी गूगलवर प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि पुढे हेल्पलाइन असं टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. लोगो जसाच्या तसा. मॉडेल नंबर विचारला, 'ड्रायव्हर डाऊनलोड होत आहे' म्हणून हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली, सत्तर टक्क्यांवर अडकली, लाल अक्षरात एरर आणि खाली फोन नंबर. बाबांनी लावला.

पलीकडचा मुलगा म्हणे फार नम्र. 'सर आप बिल्कुल टेन्शन मत लीजिए.' त्याने रिमोटवालं ॲप टाकायला लावलं, आत शिरला, कसलीतरी यादी उघडून दाखवली, त्यात लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण. बाबांनी आकडे वहीत लिहून ठेवलेत, त्यांच्या सुवाच्य अक्षरात: क्रिटिकल ३, एरर ४१२, वॉर्निंग १,१०६. तुमचं विंडोज १० चं लायसन्स संपलंय, हॅकर आत घुसलेत, म्हणून प्रिंटर चालत नाही, आता तीन वर्षांचा सिक्युरिटी प्लॅन घ्यावा लागेल, ८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ९,४४० रुपये. यूपीआयने दिले. नाव आलं कुठल्यातरी बाईचं, तर तो म्हणाला त्या आमच्या अकाउंटंट मॅडम. दोन मिनिटांत ईमेलवर बिल हजर. त्यानंतर 'इंजिनिअर काम करतोय, हात लावू नका' म्हणून तासभर स्क्रीन काळी, आणि बाबा समोर चहाचा कप घेऊन बसून होते, देवघरासमोर बसल्यासारखे. प्रिंटर काही चालला नाहीच. त्याचं डिपार्टमेंट वेगळं म्हणे.

आज दुसऱ्याच माणसाचा फोन. कंपनी इंडियातली सर्व्हिस बंद करतेय, तुमचे पूर्ण पैसे परत, उद्या अकरा वाजता लॅपटॉप आणि नेट बँकिंग उघडून तयार रहा. बाबा इतके खूश की मला मुद्दाम फोन करून सांगितलं, 'बघ, तुम्ही लोक उगाच सगळ्यांना चोर म्हणता.' तेव्हा कुठे मला हे सगळं कळलं.

मी समजवायला गेले तर चिडले. 'चोर असता तर जीएसटी कशाला लावला असता?' याला माझ्याकडे उत्तर नाही.

तर, लॅपटॉप फॉरमॅट करू का? पैसे मिळतील का? नेट बँकिंग त्याच लॅपटॉपवर आहे, पासवर्ड डेस्कटॉपवर एक्सेलमध्ये (हो माहितीये, बोलू नका). आणि मुख्य म्हणजे बाबांना कसं पटवू?

तपकीर_गल्लीतला (सोमवार, रात्री १०.०३)

ताई पहिलं काम, आईंना फोन करा आणि घरचा वायफायचा डबा बंद करायला सांगा. आत्ता. लॅपटॉप नुसता बंद करून उपयोग नाही कारण ही रिमोटची ॲप्स सर्व्हिस म्हणून बसवता येतात, स्वतःचा पासवर्ड लावून ठेवतात, उद्या बाबांनी बटण दाबलं की तो परवानगी न विचारता आत. आणि एक ॲप सापडलं म्हणून खूश होऊ नका, बऱ्याचदा दुसरं कुठेतरी ठेवलेलं असतं.

ॲनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर ही ॲप्स चांगली आहेत हां, मी स्वतः गिऱ्हाइकांची मशिनं त्यावरूनच बघतो. हातोडी सुताराकडे पण असते.

ते लाल गोळे पिवळे त्रिकोण म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजमध्ये प्रत्येक बारीकसारीक गोष्टीची तिथे नोंद होते, एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा उठली तरी एरर. काल डबा फोडून चालू केलेल्या नव्या कोऱ्या मशीनवर पण शे-दोनशे निघतात, माझ्या दुकानात या, दाखवतो. अजून एक खेळ आहे यांचा, काळ्या खिडकीत 'असॉक' टाइप करायला लावतात आणि शेवटी एक लांब नंबर येतो, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा, आणि म्हणतात हा बघा तुमचा लायसन्स आयडी, आमच्याकडेही हाच आहे, म्हणजे आम्ही खरे. अहो तो नंबर जगातल्या सगळ्या विंडोजवर तोच असतो! झिप फाइलच्या शॉर्टकटशी संबंधित काहीतरी आहे ते.

आणि विंडोज १० चं लायसन्स-बिसन्स काही संपलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे फुकट अपडेट बंद, एवढंच. लोकांनी बातमी अर्धी ऐकलेली असते, हे चोर उरलेली अर्धी सांगतात.

फॉरमॅट करायचाच, ज्यावर बँक उघडते त्या मशीनवर असला माणूस तासभर बसून गेला तर मी साफसफाई करून परत देत नाही, थेट पुसून नवीन. पण आज नको. आधी पुरावा. त्या वेबसाइटचा पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत मिळेल, त्याचा फोटो काढा मोबाईलने, बिलाचा ईमेल ठेवा, आणि ॲनीडेस्क असेल तर त्याच्या फोल्डरमध्ये कनेक्शन ट्रेस नावाची टेक्स्ट फाइल असते, त्यात समोरच्याचा आयडी आणि वेळ असते, ती पेनड्राइव्हवर घ्या. नेट बंद ठेवूनच.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून किंवा तुमच्या फोनवरून. पहिला ईमेलचा, बँकेचा नंतर, कारण ईमेल ज्याच्या हातात त्याला बाकी सगळं रीसेट करता येतं. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग कुणी लावून ठेवलंय का तेही बघा, लोक हे विसरतात.

निवृत्त_शाखाधिकारी (सोमवार, रात्री १०.३१)

मुली, मी ३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा शाखाधिकारी म्हणून, त्यामुळे थोडं बँकेच्या बाजूचं सांगतो. वरच्यांनी सांगितलेलं करच, पण त्याच्याही आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव. बाबांचा मोबाईल नंबर, कुठल्या बँकेतून पैसे गेले, व्यवहाराची तारीख-वेळ आणि यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक) एवढं जवळ ठेव, तक्रार झाली की पोचक्रमांक येतो, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर जाऊन उरलेली माहिती आणि कागद चढव. यात काय होतं की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच निरोप जातो आणि जे काही तिथे शिल्लक असेल ते अडकवलं जातं. हे लोक पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, घटकेत चार खाती फिरवतात, त्यामुळे शनिवारचे सोमवारी किती सापडतील ते बघू. पण तक्रार करायचीच, रक्कम लहान आहे म्हणून सोडायची नाही.

दुसरं. बँकेला लेखी कळव, शाखेत जाऊन, आणि पोचेचा शिक्का घे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यातला नियम असा की तिसऱ्याच कुणाच्या चुकीने पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तुला खोटी आशा लावत नाही, बाबांनी पिन स्वतः टाकलाय त्यामुळे या ९,४४० बाबत बँक हात वर करेल आणि नियम तिच्या बाजूने असेल. पण त्याच परिपत्रकात असंही आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणातसुद्धा, बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे त्या शिक्क्याची किंमत उद्यापासून पुढे आहे.

आता उद्याच्या फोनबद्दल, हे नीट वाच. रिफंड वगैरे काही नसतो. ते नेट बँकिंग उघडायला लावतात, एका फॉर्ममध्ये रक्कम भरायला लावतात आणि मग ओरडतात की अरेरे, ९,४४० च्या जागी ९४,४०० गेले, माझी नोकरी जाईल, वरचे परत पाठवा. खात्यात खरंच जास्तीचे दिसतात. एक तर ते वेबपेजवरचा आकडा तेवढ्यापुरता बदलतात, राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' मधून कुणालाही बदलता येतो, पान रिफ्रेश केलं की मूळ आकडा. दुसरा प्रकार जास्त वाईट: स्क्रीन काळी करून तुमचीच एफडी मोडतात किंवा एफडीवर ऑनलाइन ओव्हरड्राफ्ट, म्हणजे कर्ज, काढतात आणि तो पैसा बचत खात्यात आणतात. मग पान रिफ्रेश करा, पासबुक भरून आणा, क्रेडिट खरंच असतं! माणूस प्रामाणिक असतो, दुसऱ्याचे पैसे नकोत म्हणून परत करतो, आणि पाठवतो स्वतःचीच एफडी.

म्हणून उद्या शाखेत नुसता पासवर्ड बदलून येऊ नका. एफडी सगळ्या जागेवर आहेत का, त्यावर ऑनलाइन कर्ज काढलंय का, बेनिफिशिअरीच्या (ज्यांना पैसे पाठवता येतात त्यांच्या) यादीत नवीन नाव आहे का, नोंदवलेला ईमेल आणि मोबाईल तोच आहे का, हे बघा. नेट बँकिंग काही दिवस बंदच करून टाका, नाहीतरी बाबांना पासबुक भरायला आवडत असेल.

आणि ते बिल. त्यावरचा जीएसटी नंबर मोज. १५ अक्षरं असतात, पहिले दोन आकडे राज्याचे (आपला २७), पुढची दहा म्हणजे पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कुठल्या नावाने नोंदणी आहे ते कुणालाही, लॉगिन न करता दिसतं. बाबा सेक्रेटरी आहेत ना, मग हिशोबाच्या भाषेत सांग, त्यांना पटेल.

खडकवासल्याचं_पाणी (सोमवार, रात्री १०.५०)

स्पष्ट बोलतो राग नको. ७० च्या वरच्या लोकांच्या हातात नेट बँकिंग द्यावंच का? पासबुक, चेकबुक, बास. आमच्याकडे हाच नियम आहे.

कर्वेनगरची_माहेरवाशीण (सोमवार, रात्री ११.१२)

@खडकवासल्याचं_पाणी माझा नवरा ३९ वर्षांचा आहे, आयटीत टीम लीड आहे, आणि गेल्या दिवाळीत जुना सोफा विकताना 'पैसे घ्यायला' क्यूआर स्कॅन करून चार हजार घालवून बसला. त्याचं पण चेकबुकवर आणू का?

वायफाय आईने बंद केला, दादा. १९३० लागला, तीनदा ट्राय केल्यावर. बाबांच्या नावाने तक्रार झाली पण माहिती मीच दिली, बाबा शेजारी बसून 'हे सगळं कशाला' करत होते.

आणि जीएसटी नंबर मोजला. १४ अक्षरं!! मी बाबांना दाखवलं, व्हिडिओ कॉलवर, बोट ठेवून मोजायला लावलं. दोनदा मोजलं त्यांनी. मग म्हणाले टायपिंगची चूक असेल.

नाइट_शिफ्ट_सोडलेला (सोमवार, रात्री १.२५)

जुना आयडी आहे, वर्षानुवर्षं नुसता वाचतो, आज लिहितो. मी असल्या ठिकाणी काम केलंय. १९ दिवस. नाव, एरिया सांगणार नाही.

बी.कॉम. झालो होतो, नोकरी नव्हती, जाहिरात होती 'इंटरनॅशनल व्हॉइस प्रोसेस, फ्रेशर चालतील, पिकअप ड्रॉप, अनलिमिटेड इन्सेंटिव्ह'. इंटरव्ह्यूला फक्त इंग्रजी बघितलं. पहिले चार दिवस मला खरंच वाटत होतं की आम्ही टेक सपोर्ट आहोत, कारण ट्रेनिंगमध्ये तेच सांगितलं. अमेरिकेतल्या लोकांच्या स्क्रीनवर सायरन वाजवणारा पॉपअप यायचा, त्यावरच्या नंबरला ते फोन करायचे आणि तो आमच्याकडे पडायचा. प्रत्येकाला एक गोरं नाव. पहिला बोलणारा तो ओपनर, त्याने फक्त घाबरवायचं आणि मशीनमध्ये घुसायचं, पैशाचं बोलायला क्लोजर. मी ओपनर होतो.

काय शिकवलं होतं सांगतो, तुमच्या बाबांसाठी सांगतो. पहिल्या दोन मिनिटांत दोन प्रश्न, कॉम्प्युटर अजून कोण वापरतं आणि घरी आत्ता कोण आहे. ज्याचा मुलगा नाहीतर नातू शेजारच्या खोलीत असेल तो कॉल सोडायचा. एकटा असेल तर फोन ठेवू द्यायचा नाही, शांतता पडू द्यायची नाही, सतत काहीतरी करायला लावायचं, हे दाबा, ते वाचून दाखवा, आकडा लिहून घ्या. (बाबांच्या वहीतले आकडे वाचले आणि पोटात गोळा आला. आम्ही पण लिहायला लावायचो. स्वतःच्या हाताने लिहिलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं.) आणि सर सर करत राहायचं. आमचा टीम लीडर म्हणायचा, शिव्या देणारा गिऱ्हाईक वेळ खातो, 'थँक यू सो मच' म्हणणारा पैसे देतो.

तुम्हाला वाटतं बावळट लोक फसतात. माझ्या यादीत निवृत्त शिक्षक, एक पायलट, चर्चमध्ये हिशोब बघणाऱ्या बाई. ज्यांना समोरचा बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा वाटतो ते सगळे. आमच्या आजीची म्हण, भीड भिकेची बहीण, तिथे बसून मला रोज आठवायची.

आणि एकदा पैसे दिलेल्यांची यादी वेगळी जाते. ती विकतात सुद्धा. रिफंडवाले त्या यादीवरच बसलेले असतात. तेव्हा उद्याचा फोन टाळला म्हणून संपलं असं नाही, महिन्याने 'सायबर पोलीस' म्हणून येईल, पैसे परत मिळवून देतो म्हणून वकील येईल. नंबर त्यांच्याकडे राहणार.

मी विसाव्या दिवशी गेलो नाही. पगार मिळाला नाही, मागायलाही गेलो नाही. पुण्यात हे नवीन नाही, ऑक्टोबर २०२२ मध्ये सीबीआयच्या ऑपरेशन चक्रमध्ये पुण्यातलं आणि अहमदाबादचं कॉल सेंटर सापडलं, पुढच्या वर्षी चक्र-२ झालं, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनने दिलेल्या तक्रारीही होत्या, मे २०२५ मध्ये आपल्या खराडीत पोलिसांनी छापा घातला. प्रत्येक वेळी बातमी आली की मी फोटोतली तोंडं बघतो, ओळखीचं कोणी आहे का. तेव्हा आमचे गिऱ्हाईक सगळे परदेशातले असायचे, आता कर्वेनगरमधले काका पण यादीत आलेत म्हणजे काय बोलायचं.

तपकीर_गल्लीतला (मंगळवार, सकाळी ८.१५)

@नाइट_शिफ्ट_सोडलेला भाऊ, लिहिलंस ते बरं केलंस.

ताई, उद्या परवा कधी सायरनवाला पॉपअप आला तर तेवढं आईबाबांना शिकवून ठेवा. स्क्रीन भरून आलेली असते, माउस चालत नाही असं वाटतं, पण ते नुसतं वेबपेज असतं फुल स्क्रीन केलेलं. एस्केप बटण दाबून धरायचं, नाहीतर एफ११, नाहीतर ऑल्ट आणि एफ४. तरी नाही गेलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, काही बिघडत नाही. परत चालू केल्यावर ब्राउझर विचारतो जुनी पानं उघडू का, तिथे नाही म्हणायचं, हो म्हटलं की सायरन परत. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, एवढं एक कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा.

आणि आज अकराला फोन आलाच तर टाइमपास म्हणून त्याला खेळवू नका, यूट्यूबवर बघून लोक करतात. त्यांच्याकडे घरचा पत्ता, नंबर सगळं आहे. एक वाक्य बोलून ठेवून द्या. नंबर सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर 'चक्षू' नावाची तक्रारीची सोय आहे, तिथे टाका.

कर्वेनगरची_माहेरवाशीण (मंगळवार, दुपारी ३.०५)

अपडेट देते, हात अजून थरथरतायत पण हसू पण येतंय.

सुट्टी टाकून साडेनऊलाच आईकडे गेले. बाबा अबोल्यात. लॅपटॉप मी पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवला होता. दहा पन्नासला बाबांच्या मोबाईलवर फोन. बाबा आतल्या खोलीत होते, आईने उचलला, स्पीकरवर. मी खुणा करतेय ठेव ठेव, आई मला हाताने 'थांब' करतेय.

तो म्हणाला सरजी को दीजिए. आई म्हणाली ते आंघोळीला गेलेत, मेरे को बोलो. लॅपटॉप चालू करा. लॅपटॉप दुरुस्ती को दिया है. मग मोबाईलवर एक ॲप टाका. आई म्हणाली, ॲप कशाला, पैसे ज्या नंबरावरून घेतले त्याच नंबरावर परत पाठवा की, घेताना नाही लागलं ॲप. तो म्हणाला मॅडम प्रोसेस है. आई म्हणाली बरं, प्रोसेस राहू दे, प्रिंटर चालू करून द्यायचा होता ना, आमच्या नोटिसा राहिल्यात, ते कधी करताय?

हे तीन-चारदा झालं. आई खरंच प्रिंटरबद्दलच विचारत होती, तिला वाटत होतं ९,४४० दिलेत तर निदान तेवढं तरी. आणि मग तो एकदम सटकला. 'ए बुढ़िया, दिमाग मत खा, बुड्ढे को फोन दे.'

आतल्या खोलीचं दार उघडलं. बाबा बाहेर आले, आईच्या हातातून फोन घेतला, काही बोलले नाहीत, कट केला. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतः आईला कधी असं बोललेलं नाही. खुंटीवरचा शर्ट काढला आणि मला म्हणाले, 'पासबुकं घे, चल बँकेत.' चौदा अक्षरांनी जे झालं नाही ते एका शब्दाने झालं.

बँकेत: एफडी तिन्ही जागेवर. बेनिफिशिअरीत मात्र एक नवीन नाव शनिवारी संध्याकाळी जोडलेलं निघालं, ते काढलं. शाखेतली मुलगी म्हणाली नेट बँकिंग बंद करायला मोबाईल ॲपमधून रिक्वेस्ट टाका, बाबा म्हणाले मी समोर उभा आहे, अर्ज घ्या. घेतला. शिक्का पण मिळाला, काका. दोन प्रतींवर.

निवृत्त_शाखाधिकारी (मंगळवार, दुपारी ४.२०)

बेनिफिशिअरी जोडलेला होता म्हणजे आज अकरा वाजता काय होणार होतं ते स्पष्ट आहे. ते नाव आणि खाते क्रमांक काढण्याआधी लिहून घेतलात ना? नसेल तर शाखेकडून घे आणि तक्रारीत जोड, शिवाजीनगरच्या सायबर पोलीस स्टेशनला जाणार असाल तर त्याची प्रत बरोबर न्या. तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, ऑनलाइन.

आईंना माझा नमस्कार.

कर्वेनगरची_माहेरवाशीण (शनिवार, संध्याकाळी ६.३०)

शेवटचं अपडेट. लिहून घेतलं होतं, काका, फोटो काढला होता. पोलिसांत दिलंय. १९३० च्या तक्रारीवर ३,२०० रुपये कुठल्यातरी बँकेत होल्ड झाल्याचं दिसतंय, बाकीचे गेले. ते होल्डचे हातात कधी येतील ते आत्ता विचारूच नका म्हणाले.

तपकीर गल्लीवाले दादा, तुमच्याचकडून लॅपटॉप पुसून आणला, ओळखलं नाही तुम्ही, मी मुद्दाम सांगितलं नाही कारण बाबा बरोबर होते. दुसरं रिमोटचं ॲप निघालं तुम्ही म्हणालात तसं.

@नाइट_शिफ्ट_सोडलेला तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. वहीतलं पान आलं तेव्हा म्हणाले परत वाच. मग ते पान फाडलं नाही त्यांनी, वर तारीख घालून फाइलला लावलं.

आणि प्रिंटर! लॅपटॉप पुसायला देण्याआधी माझ्या लेकाने, वय वर्षं ११, प्रिंटरची खिडकी उघडली, वरच्या मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर टिक होती, ती काढली. शनिवारपासून अडकलेल्या नोटिसा धाडधाड बाहेर. आता पंचाईत अशी की चौदा दिवसांचं गणित चुकलं म्हणून सभा एक आठवडा पुढे ढकलावी लागली, त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लेखी हरकत घेतलीय, तारीख बदलण्याचा अधिकार सेक्रेटरीला कुणी दिला म्हणून. बाबा आत्ता त्याचं दोन पानी उत्तर टाइप करतायत, मधूनमधून आईला पोटनियम वाचून दाखवतायत.